सोलरच्या लाइनीवर मिक्सिंग व्हॉल्व्ह: कोणता घ्यायचा, कुठे लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तळमजला आणि वर एक मजला असं घर. गच्चीवर पाणी तापवणारा २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, तीन बाथरूम, आणि थंड पाण्याच्या लाइनीवर गेल्या वर्षी बसवलेला प्रेशर पंप. घरात ७२ वर्षांची आई आणि ४ वर्षांचा मुलगा. मार्चमधल्या एका दुपारी मुलाने गरम नळ फिरवला आणि हात भाजला. प्लंबर म्हणतो, ट्यूबवर पोतं टाका, काम भागेल. ताई विचारतात, मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा तर कोणता, एक की तीन, आणि किती अंशांवर लावायचा?

ताई, मी गेली २३ वर्षं नाशिक आणि पुण्यात सोलरची आणि घरगुती प्लंबिंगची कामं करतोय. व्हॉल्व्ह जरूर बसवा. पण तो विकत आणण्याआधी त्या पंपाबद्दल बोलायला हवं. तुम्ही पंपाचा उल्लेख ओघात केलाय, पण तुमच्या घरातली खरी गाठ तिथेच आहे. पंपाचा विचार न करता बाजारातला सर्वांत महागडा व्हॉल्व्ह लावलात तरी महिन्याभरात तुम्ही त्याला दोष देत बसाल.

पोत्याबद्दल आधी सांगतो, कारण तुमचा प्लंबर अगदी चुकीचं बोलत नाहीये. उन्हाळ्यात निम्म्या ट्यूब झाकल्या तर टाकी कमी तापते आणि ट्यूबच्या रबरी रिंगाही जास्त टिकतात. मीही गिऱ्हाइकांना तसं सांगतो. पण तो उन्हाळ्याचा बंदोबस्त झाला, पोराच्या हाताचा नाही. पोतं वाऱ्याने उडतं, काढायचं राहतं, घालायचं राहतं. दोनशे लिटरच्या टाकीत उन्हाळ्यात, विशेषतः दोन दिवस घर बंद राहिलं तर, ८० अंशांच्या वरचं पाणी मी थर्मामीटरने मोजलेलं आहे.

आकडे मुद्दाम देतो, कारण ‘जरा कढत आहे’ आणि ‘धोकादायक आहे’ यांतला फरक हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं होतं. ४९ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाला खोलवर भाजायला जवळपास १० मिनिटं लागतात, ६० अंशांना मात्र सुमारे ५ सेकंद पुरतात. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला याहून कमी वेळ लागतो. म्हाताऱ्या माणसाला चटका जाणवतोच उशिरा आणि हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. म्हणजे ६० वरून ५० च्या खाली येणं म्हणजे नुसते दहा अंश नव्हेत, नळ बंद करायला मिळालेली काही मिनिटं आहेत. (आणि पुन्हा असं कधी झालंच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, बर्फ, तूप काही लावू नका. फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर.)

आता मिक्सिंग व्हॉल्व्ह करतो काय? आपल्या आज्या बंबातल्या पाण्याला विसण घालायच्या ना, तेच. बादलीत आधी कढत पाणी, मग थंड, मध्ये हात घालून अंदाज, पुन्हा थोडं थंड. हा व्हॉल्व्ह पाइपातच विसण घालतो आणि अंदाज घेणारा हात म्हणजे आतली मेणाची छोटी कुपी. पाणी जास्त गरम आलं की मेण फुगतं, आतला दट्ट्या सरकवतं, गरम पाण्याचं तोंड आवळतं आणि थंडाचं उघडतं. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते. याला वीज लागत नाही.

हातानं मिक्सर फिरवून हे का जमत नाही, तेही बघा. मार्चच्या दुपारी टाकीत ८० अंशांचं पाणी आहे आणि थंड पाणी २५ अंशांचं. ४५ अंशांचं हवं असेल तर गरम पाण्याचा वाटा फक्त ३६ टक्के लागतो. जानेवारीच्या सकाळी टाकीत ५८ आणि थंड पाणी १८. आता त्याच ४५ अंशांना गरमाचा वाटा ६७-६८ टक्के. मिक्सरची मूठ दोन्ही दिवशी एकाच जागी ठेवलीत तर एकदा भाजेल, एकदा कुडकुडाल. आईंना किंवा मुलाला रोज हा हिशेब करायला लावणं बरोबर नाही.

दुकानात जाण्याआधी नाव नीट ठरवून घ्या. ‘मिक्सर’ म्हटलं की आपल्याकडे वॉल मिक्सर, डायव्हर्टर किंवा सिंगल लिव्हर हातात येतो. त्यात तापमान सांभाळणारं काहीच नसतं. तुम्हाला हवा आहे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. ऑनलाइन शोधलंत तर अजून एक प्रकार दिसेल: थंड देशांत फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या फिरवून घर उबदार करतात, त्या लाइनीवर लावायचा मोटरवाला थ्री-वे व्हॉल्व्ह. दिसायला सारखाच, तीन तोंडांचा. पण तिथलं पाणी कुणाच्या अंगावर पडत नाही, नळ्यांतून फिरून परत येतं. त्यामुळे थंड पाणी अचानक बंद पडलं तर गरम लगेच तोडायचं, ही जबाबदारी त्याच्यावर नसते. आंघोळीच्या पाण्यासाठी हीच जबाबदारी सर्वांत मोठी. म्हणून तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

आता पंप.

मेणाची कुपी तापमान ओळखते, दाब ओळखत नाही. गरम आणि थंड पाणी साधारण सारख्या जोराने आलं तरच दट्ट्या थोडासा सरकवून काम होतं. एका बाजूचा दाब दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त झाला की बहुतेक व्हॉल्व्ह गडबडतात. तुमचा सोलर बिनदाबाचा, म्हणजे टाकीवर हवा-वाफ जायचा व्हेंट पाइप उघडाच असतो. त्याचं पाणी वरच्या टाकीच्या उंचीनेच खाली येतं. दर १० मीटर उंचीला १ बार, या हिशेबाने वरच्या मजल्यावरच्या नळाला फार तर अर्धा बार मिळत असेल. पंपाची थंड लाइन मात्र दीड-दोन बारची. तीन-चारपट फरक.

मी स्वतः यात चुकलोय, म्हणून इतकं ठासून सांगतोय. नाशिकला गंगापूर रोडवर एका बंगल्यात चांगला व्हॉल्व्ह बसवला आणि त्याचं थंड पाणी जवळ पडतं म्हणून बाथरूमच्या पंपाच्या लाइनीवरून घेतलं. दोन आठवडे सगळं ठीक. मग तक्रार आली की सकाळी सोलरचं पाणी गारच येतं आणि गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून पाणी वाहतं. व्हॉल्व्हमधल्या एनआरव्हीत (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) वाळूचा खडा अडकला होता. पंपाचं थंड पाणी व्हॉल्व्हमधून उलटं चढून रात्रभर सोलरच्या टाकीत जात होतं आणि तापलेलं पाणी व्हेंटमधून गच्चीवर. व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता, चूक माझ्या जोडणीची होती. ती लाइन मी माझ्या खर्चाने पुन्हा टाकून दिली आणि तेव्हापासून थंड पाणी कुठून घ्यायचं हे ठरल्याशिवाय व्हॉल्व्हचा भाव सांगत नाही.

तुमच्या घरात हे आत्ताही होत असण्याची शक्यता आहे, व्हॉल्व्ह नसतानाही. ज्या वॉल मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि शॉवर किंवा फॉसेट पुढे बंद, तिथून पंपाचं थंड पाणी गरम लाइनीत घुसतं. तपासायला पाच मिनिटं लागतात. गच्चीवर सोलरच्या टाकीतून निघणारा गरम पाण्याचा कॉक पूर्ण बंद करा, पंप चालू ठेवा आणि खाली एखादा गरम नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी निघून धार थांबली तर ठीक. थांबलीच नाही, तर कुठेतरी थंड पाणी गरम लाइनीत मिसळतंय. मग एकेका बाथरूमचे मिक्सर बंद करत जागा शोधायची.

उपाय काय, हे घराच्या रचनेवर ठरतं. तुमची गच्ची मी पाहिलेली नाही, म्हणून दोन-तीन वाटा सांगतो. सगळ्यांत आधी एक धोक्याची सूचना: काही जण सांगतील की पंपाचं पाणी सोलरलाही द्या, म्हणजे दोन्ही दाब सारखे होतील. बिनदाबाच्या टाकीला हे कधीही करू नका. पाणी व्हेंटमधून उसळेल किंवा टाकीचं शिवण उघडेल. ते फक्त प्रेशराइज्ड, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद टाकीला चालतं.

मला पसंत असलेली जोडणी अशी. मिक्सिंग व्हॉल्व्ह गच्चीवर, सोलरच्या जवळ. त्याचं थंड पाणी वरच्या टाकीतून, पंपाच्या आधी, स्वतंत्र लाइनीने. म्हणजे सोलरला पाणी देणारी टाकी आणि विसणाचं पाणी देणारी टाकी एकच, उंची एकच, दाब आपोआप जुळतो. व्हॉल्व्हमधून निघालेलं ४५-४८ अंशांचं पाणी हीच घराची गरम लाइन. आता खाली बाथरूममध्ये गरम लाइन उंचीच्या दाबाची आणि थंड लाइन पंपाची, हा फरक राहतोच. त्यासाठी एक तर थंड लाइनीचा पंप काढून टाका (शॉवरची धार हळू होईल, पण आंघोळ बादलीने होत असेल तर कुणाला फरकही जाणवणार नाही), किंवा व्हॉल्व्हच्या पुढे, मिसळलेल्या पाण्यावर दुसरा छोटा पंप घाला. पंप व्हॉल्व्हच्या पुढे असल्याने व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांशी दाब सारखाच राहतो. त्या पंपाच्या पाटीवर पाण्याचं कमाल तापमान छापलेलं असतं, ते किमान ६० अंश असू दे. आणि तो मोठा घेऊ नका. जास्त ओढणारा पंप सोलरच्या व्हेंटमधून हवा खेचतो, मग नळ खोकत राहतात.

कुणाकडे सोलरला थंड पाणी पुरवणारी वेगळी छोटी टाकी (मेकअप टाकी) असेल तर हिशेब बदलतो. तिथे गरम पाण्याला त्या छोट्या टाकीच्या पातळीचाच दाब मिळतो, मोठ्या टाकीचा नाही. मग विसणाचं पाणीही त्या छोट्या टाकीतूनच घ्यावं लागतं आणि तिचा फ्लोट व्हॉल्व्ह पुरेसं पाणी देतो का ते बघावं लागतं.

एवढं जमलं की व्हॉल्व्हची निवड सोपी आहे, पण एक आकडा मागून घ्याच: केव्ही. १ बार दाबाच्या फरकाला व्हॉल्व्हमधून तासाला किती घनमीटर पाणी जातं, तो हा आकडा. परदेशी घरांत ३ बार दाब असतो, तिथे केव्ही कमी असला तरी चालतं. आपल्याकडे तिथेच फसायला होतं. समजा मिनिटाला १२ लिटर हवेत, म्हणजे १८ लिटरची बादली दीड मिनिटात. केव्ही १.६ चा अर्धा इंची व्हॉल्व्ह यासाठी ०.२ बार खातो, म्हणजे २ मीटर उंची. तुमच्याकडे आहेतच ५ मीटर. उरलेल्या तिनात पाइप, एल्बो, नळ सगळं भागवायचं. केव्ही ३ चा व्हॉल्व्ह त्याच धारेला जेमतेम ०.०६ बार, म्हणजे ६० सेंटिमीटर खातो. म्हणून पाऊण किंवा एक इंची, केव्ही ३ च्या आसपासचा घ्या. युरोपीय मानकांत जास्त दाबाच्या व्हॉल्व्हला ईएन ११११ आणि कमी दाबाच्या व्हॉल्व्हला ईएन १२८७ आहे. माहितीपत्रकात दुसरा क्रमांक दिसला तर उत्तम.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची कमाल मर्यादा. साधे व्हॉल्व्ह ८५ किंवा ९० अंशांपर्यंतचे असतात. ट्यूबवाल्या सोलरला ते काठावर येतात. ‘सोलरसाठी’ म्हणून १०० अंश किंवा त्याहून जास्त सोसणारे मिळतात, दोन पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. तिसरी गोष्ट एनआरव्ही. दोन्ही तोंडांशी हवेतच, पण स्प्रिंगवाले नकोत, कमी दाबाला ती स्प्रिंगच धार अडवते. पडद्याचे घ्या आणि आडवे बसवा.

एक की तीन? तुमच्या घरात गच्चीवर एकच. त्याने गरम पाण्याची प्लास्टिकची (सीपीव्हीसी) लाइनही वाचते, कारण ती ८२ अंशांपर्यंतच्या सततच्या वापरासाठी असते आणि तुमची टाकी त्याला टेकतेय. शिवाय आंघोळ झाल्यावर पाइपात अडकून पडणारं पाणी ८० ऐवजी ४५ अंशांचं असतं, म्हणजे उष्णता कमी वाया जाते. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या २० मीटर लाइनीत जवळपास ५ लिटर पाणी असतं, दिवसातून चार-पाच वेळा ते गार होतं.

पण इथे एक ‘पण’ आहे. पुण्यात पुष्कळ घरांत सोलरची लाइन बाथरूममधल्या गिझरला जोडलेली असते, म्हणजे पावसाळ्यात गिझर लावता येतो. तसं असेल तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह ४५ अंशांचं पाणी पाठवेल आणि गिझर ते पुन्हा ६५ करून देईल. पाणी तापवणारी शेवटची वस्तू जिथे आहे त्याच्या पुढेच व्हॉल्व्ह हवा. अशा बाथरूममध्ये गिझरच्या तोंडाशी वेगळा व्हॉल्व्ह लावा, निदान आई आणि मुलगा वापरतात तिथे तरी. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून घरी जाऊन बघा.

बसवताना व्हॉल्व्ह टाकीच्या गरम तोंडापेक्षा फूटभर खाली येऊ द्या, पाइप खाली वळवून. वर किंवा समपातळीत असला तर नळ बंद असतानाही गरम पाणी आपणहून चढत राहतं, मेणाची कुपी दिवसभर शेकत बसते आणि लवकर जाते. दोन्ही बाजूंना कॉक आणि युनियन (खोलता येणारा जोड) ठेवा, आधी वाय स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी). व्हॉल्व्हवर उन्हापावसाचं झाकण असू दे.

तापमान. गच्चीवर ४७-४८ लावा, खाली येईपर्यंत दोन-तीन अंश उतरतं, नळाला ४५ मिळेल. शॉवरला ४० पुरे, पण आपल्याकडे बादली भरेपर्यंत आणि आंघोळ संपेपर्यंत पाणी निवतं, म्हणून मी थोडं वर ठेवतो. ५० च्या वर जाऊ नका, भांडी घासणाऱ्या बाईंनी तक्रार केली तरी. डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, नळाखाली पेला धरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल थर्मामीटरने मोजा. आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना अजूनही कोपर बुडवूनच बघायचं.

काही जण विचारतात, टाकीच ४५ अंशांवर का ठेवत नाही? इलेक्ट्रिक बॅकअप असेल तर थर्मोस्टॅट खाली आणता येतो खरा. पण लिजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर लोक न्यूमोनियाने दगावले, त्याच्या तपासात तो ओळखला गेला. पाणी ६० च्या वर साठवायचं आणि वापरताना निववायचं, ही पद्धत त्यामुळेच आहे. शिवाय ८० अंशांचं १०० लिटर पाणी विसण घालून ४५ अंशांचं पावणेतीनशे लिटर होतं. टाकी गार ठेवली तर ही पुंजीच गेली.

शेवटी देखभाल, कारण इथे लोक सर्वांत जास्त हयगय करतात. तुमच्याकडे बोअरचं पाणी टाकीत येत असेल तर क्षार धरणारच, आणि ६० अंशांच्या वर ते झपाट्याने धरतात. दट्ट्यावर पांढरा थर चढला की तो अडकतो. बोअरच्या पाण्याला दर सहा महिन्यांनी, महापालिकेच्या पाण्याला वर्षातून एकदा व्हॉल्व्ह उघडून आतले भाग लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, मऊ ब्रशने घासा, रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. बाथरूम साफ करायचं कडक ॲसिड वापरू नका, पितळ खाल्लं जातं.

आणि ही चाचणी दर तीन महिन्यांनी, स्वतः, मुलाला लांब ठेवून: गरम नळ चालू ठेवा, कुणाला तरी गच्चीवर व्हॉल्व्हचा थंड कॉक बंद करायला सांगा. काही सेकंदांत धार बंद पडली पाहिजे किंवा थेंबांवर आली पाहिजे. कढत पाणी वाहतच राहिलं तर व्हॉल्व्ह त्याच दिवशी उतरवा. ही चाचणी सोलरचं पाणी लावलेल्या तापमानापेक्षा किमान १०-१५ अंश जास्त तापलेलं असतानाच करा, नाहीतर चांगला व्हॉल्व्हही नापास दिसतो.

तोवर, आजच, मुलाच्या उंचीला येणारा गरम नळ खालच्या कॉकने बंद करून टाका. आणि मला तीन गोष्टी कळवा: पंप बंद ठेवून वरच्या बाथरूममध्ये गरम नळाने बादली भरायला किती वेळ लागतो, वरची टाकी सोलरपेक्षा किती फूट उंच आहे, आणि बाथरूममध्ये गिझर आहे की नाही. त्यावरून पाऊण इंची घ्यायचा की एक इंची, ते नेमकं सांगता येईल.